मी आवळून बांधलेलं समुद्रावरचं घर

ताडपत्री म्हणजे छत्री नव्हे. छत्री माणसाच्या हातात असते. पाऊस तिरका आला की माणूस तिला तिरकी धरतो. ताडपत्री एकदा बांधली की पुढं तिच्याकडं बघणारं कोणी नसतं. ट्रक सुरतेहून नागपूरला निघालेला, ड्रायव्हर पुढं, माल मागं. मालाला सांभाळायचं ते शिवणीनं आणि गाठीनं. म्हणून ही दोन कामं मी हातपाय चालत होते तोवर दुसऱ्या कुणावर सोपवली नाहीत.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा असा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, माझं शिक्षण चौथी. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. मी बोलते तसं छापलं तर अंक लेकीबाळींच्या हातात देता येणार नाही. तेव्हा जरा सावरून लिहिते आहे.

आम्ही परभणीकडचे. नवरा सुरतेत कापडाच्या लूमवर होता, लवकर गेला. पर्वत पाटियाजवळ ट्रकवाल्यांच्या गोदामामागं एक शेड होती, तिथं मी ताडपत्र्या शिवायला बसले आणि पुढं ती शेडच माझ्याकडं आली. काम अवघड नाही, दमवणारं आहे. दोन पट्ट्या टोकाला टोक लावून शिवायच्या नसतात. वरची पट्टी खालच्या पट्टीवर चार बोटं चढवायची, कौलासारखी, म्हणजे पाणी शिवणीत न शिरता उताराला लागतं. दोऱ्याला मेण लावायचं. तळहाताला चामड्याचा तुकडा बांधायचा, नाहीतर दाभण हातात घुसतं. काठाला दोर घालून वीतभर अंतरावर पितळी कड्या ठोकायच्या. झालं.

बांधण्याचं काम मात्र मी आपण होऊन अंगावर घेतलं. एका व्यापाऱ्याच्या साड्या माझ्या ताडपत्रीखाली सोलापूरला निघाल्या होत्या. क्लीनरनं दोर ढिला बांधला. घाटात वारा शिरला, ताडपत्री फुगली आणि साड्या भिजून एकीचा रंग दुसरीला लागला. व्यापाऱ्यानं ओली ताडपत्री माझ्या दारात आणून टाकली. मी त्याला एकेक शिवण दाखवली. एक टाका निघाला नव्हता.

तो म्हणाला, "बाई, टाके राहिले. माल राहिला का?"

त्याचं बरोबर होतं. त्या दिवसापासून मी स्वतः ट्रकवर चढून दोर आवळायला लागले. ड्रायव्हर हसायचे, "मावशी, पडशील!" मी तरी चढायचे. दोराला पीळ देऊन फासा करायचा, त्यातून टोक ओढायचं, पाय फळीला लावून सगळं अंग मागं टाकायचं. मग दोरावर बोटानं टिचकी मारायची. टण वाजला तर बांधला. वाजला नाही तर पुन्हा. पावसाळ्यात लोक मुद्दाम म्हणायचे, कौसाबाईच्या टिचकीशिवाय गाडी काढायची नाही.

दुसरा धडा सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका रंगाच्या कारखान्यानं दिला. पिंपांवर घालायला ताडपत्री नेली आणि दोन महिन्यांत तिच्या पट्ट्या सुट्या झाल्या. कापड शाबूत, दोरा जळालेला. पिंपांतून वाफ निघत होती, ती सुती दोऱ्याला खात होती. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: खाली काय आहे?

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी टिपणीस साहेब स्कूटरवरून आले तेव्हाही मी तेच विचारलं. साहेब मराठी, सरकारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. सडपातळ, खिशात तीन पेनं, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून लांब कुठंतरी बघायचे.

"बाई, मला उलटी ताडपत्री पाहिजे," ते म्हणाले.

"उलटी म्हंजी?"

"पाणी बाहेर सांडणारी नको. मधोमध गोळा करणारी. मध्ये भोक, भोकाखाली टाकी."

"खाली काय आहे?"

"घर."

"आन् घराखाली?"

"समुद्र."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

त्यांनी नकाशे उलगडले. पिंपांवर तरंगणारा तराफा, त्यावर दोन खोल्या. असे चाळीस तराफे एकमेकांना कड्यांनी जोडायचे. एका तराफ्यावर शाळा, एकावर दवाखाना. मोठ्या टोपल्यांत मेथी, कोथिंबीर, वांगी. पिण्याला पावसाचं पाणी. समुद्राच्या चढउतारावर फिरणारं एक चाक, त्यावर दिवे लागणार. ते याला शहर म्हणत नव्हते, वस्ती म्हणत होते.

"संडास कुठं?" मी विचारलं.

साहेब एकदम खुलले. "इतक्या मोठ्या मोठ्या लोकांना हे नकाशे दाखवले, हा प्रश्न कुणी विचारला नाही." आणि त्यांनी संडास दाखवला. तो होता, पण चाळीस घरांना चारच. मी म्हटलं, वाढवा. त्यांनी लिहून घेतलं.

"भांडण झालं तर?"

"आपला तराफा सोडायचा आणि वस्तीच्या दुसऱ्या टोकाला लावायचा."

हे मला फार आवडलं. चाळीत हे करता येत नाही.

"आन् माणूस मेला तर जाळायचं कुठं?"

साहेबांनी नकाशाच्या चारही कडा बघितल्या.  मग म्हणाले, "त्याचा विचार राहिला."

हे सगळं कशासाठी, असं मी शेवटी विचारलंच. त्यांनी सरळ सांगितलं. नोकरीत त्यांचं काम धरणाच्या पाण्याची रेघ आखायचं होतं. रेघेच्या खालच्या गावांना उठावं लागायचं. "तीस वर्षं पाण्यासाठी माणसं उठवली, कौसाबाई. एकदा पाण्यावर बसवून बघायची आहेत." असं बोलणाऱ्या माणसाची मी सहसा थट्टा करते. त्यांची केली नाही.

ताडपत्री मी शिवली. उलटी असल्यामुळं शिवणीही उलट चढवाव्या लागल्या, नाहीतर टाकीऐवजी पाणी अंथरुणात आलं असतं. शिवता शिवता साहेबांनी विचारलं की पहिला तराफा तयार होतो आहे, मगदल्ल्याला तापीच्या मुखाशी लावणार, एक महिनाभर त्यावर राहणारं कुटुंब मिळेल का. महिना नीट गेला तर तो तराफा त्यांचाच.

माझी लेक सुमन तेव्हा सहा महिन्यांची पोटुशी होती. जावई दत्ता, त्याचं लूमखातं बंद पडलेलं. दहा बाय दहाच्या खोलीत त्याचे आईबाप, दोन भाऊ आणि हे दोघं. सुमन रात्री पाय लांब करू शकत नव्हती. मी साहेबांना हो म्हणून टाकलं. लेकीला विचारलं नाही असं नाही, पण हो म्हणून झाल्यावर विचारलं.

शेजारणी तोंडावर बोलल्या. "काय माय, पोटुशी पोरगी कोणी पाण्यावर धाडतं व्हय?" मी म्हटलं, चाळीतल्या न्हाणीपुढं रांगेत उभी राहून ती कोणतं सुख भोगायली? सुमन मात्र खूश होती. ती म्हणाली, "माय, तिथं न्हाणी एकटीची हाय. मला तेवढं पुरे."

तराफा पाण्यात उतरला. मगदल्ल्याला एका जुन्या, मोडक्या धक्क्याचे दोन दगडी खांब उभे होते. साहेबांच्या नकाशात त्या खांबांभोवती लोखंडी कड्या बसवायच्या होत्या. पाणी चढलं की कडी खांबावरून वर सरकणार, उतरलं की खाली. कड्या सचिनच्या एका वर्कशॉपमध्ये पडल्या होत्या. तोवर नदीच्या बाजूनं नांगर टाकला होता आणि धक्क्याच्या बाजूनं साहेबांनी दोन दोरांनी तराफा खांबांना बांधला होता. दत्ताला म्हणाले, "दोर असाच ढिला राहू दे. मी कड्या घेऊन येतो." आणि टेंपो घेऊन सचिनला गेले.

मी सकाळी पोचले तेव्हा नदी तुडुंब भरलेली होती. तराफा धक्क्याला जवळजवळ लागून होता, पाऊल टाकलं की आत. मी नारळ फोडला, कोळ्यांना खोबरं वाटलं आणि मग माझं लक्ष दोरांकडं गेलं. दोन्ही दोर लोंबत होते. इतके लोंबत होते की मधला भाग पाण्यात बुडला होता. तराफा हेलकावे खात होता आणि आत सुमन भिंतीला धरून बसली होती, तोंड पिवळं पडलेलं.

"माय, पोटात ढवळायलंय," ती म्हणाली.

मला दोरांकडं बघून लाज वाटली. चार कोळी बघत होते. कौसाबाईची लेक आत आणि दोर असे.

"दत्ताराव, धरा तिकडून," मी म्हटलं.

"मामी, साहेब म्हनले ढिला ठेवा."

"साहेब इंजिनियर आहेत. बांधणारे नाहीत."

धक्क्यावर नगीनभाई म्हणून एक म्हातारा कोळी जाळं दुरुस्त करत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "मासी, ढीलुं राखजो. पाणी उतरशे."

मला गुजराती चांगलं कळतं. ढिलं ठेव, पाणी उतरेल, असं तो सांगत होता. मला वाटलं, ज्याच्या सगळ्या कामात भोकंच भोकं, तो मला बांधायला शिकवतोय. पाणी उतरेल म्हणजे किती उतरेल? आमच्याकडं पाणी उतरतं ते विहिरीतलं, उन्हाळाभर, हातहातभर. पाणी दुपारपर्यंत दोन पुरुष खाली जाऊन संध्याकाळी परत येतं, हे मी ऐकलं होतं, पण ऐकणं आणि माहीत असणं यात फरक आहे. सुरतेत इतकी वर्षं राहून मी समुद्रावर दोनदा गेले होते, दोन्ही वेळा भजी खायला.

मी पीळ घातला, फासा केला, खांबाला पाय लावला आणि अंग मागं टाकलं. दत्तानं दुसरा दोर माझ्या सांगण्यावरून तसाच केला. आतून सुमन ओरडली, "माय, घर हाय का ट्रक?" तराफ्याचं हलणं थांबलं. तिला बरं वाटलं. मी दोन्ही दोरांवर टिचकी मारली. टण. टण. दत्ता आत गेला, सुमननं अंग टाकलं आणि मी चहाच्या टपरीवर गेले.

चहावर गप्पा लांबल्या. टपरीवाली अमळनेरकडची निघाली. परत आले तेव्हा ऊन चढलं होतं. नदी बघून मला क्षणभर वाटलं, मी चुकीच्या जागी आले. पाणी पार खाली गेलेलं, खांबांचा काळा चिखलाळ भाग उघडा पडलेला. आणि तराफा धक्क्याच्या बाजूनं दोन दोरांना टांगलेला. नदीकडची बाजू पाण्यात, ही बाजू हवेत. ट्रकचा फाळका अर्धवट उघडावा तसा तो तिरका लटकत होता. ह्या बाजूची पिंपं पाण्याबाहेर निथळत होती. स्टोव्ह, भांडी, पाण्याची टाकी, सगळं खालच्या टोकाला घसरून गेलेलं. आणि सुमन खालच्या खोलीच्या दाराच्या चौकटीला लटकलेली, तिचे पाय पाण्यात. दत्ता वरून तिचा दंड धरून पालथा पडलेला.

दोर वाजत होते. टिचकी न मारता वाजत होते. आधी जाड आवाजात, मग बारीक, मग आणखी बारीक. तेवढा आवाज मला कुणी समजावून सांगायला नको होता.

मी गाठीला हात घातला. ती दगड झाली होती. भिजून फुगलेला दोर आणि त्यावर सगळ्या घराचं वजन. माझी गाठ मलाच सुटेना. आयुष्यभर मी हेच तर करत आले होते, की ती कुणाला सुटू नये.

पिशवीत ताडपत्री कापायची सुरी होती, ती काढली. तेवढ्यात नगीनभाईनं माझं मनगट धरलं.

"एक नहीं, मासी! एक कापशो तो ऊंधुं वळशे!"

त्याचं बरोबर होतं. एक दोर कापला तर सगळा भार दुसऱ्यावर, आणि तराफा कोपऱ्यावर उलटला असता. होडी खाली नेता येत नव्हती, वरून तराफा कोसळला तर होडीसकट सगळे चिखलात. नगीनभाई कोयता घेऊन दुसऱ्या खांबाकडं धावला. मी ओरडले, "दत्ताराव, तिला सोडू नका! सुमे, चौकट धर आन् डोळे मीट!"

"माय, तू काय करायलीस?"

"सोडायले."

नगीनभाईनं कोयता उचलला. "एक. बे. त्रण."

त्याचा घाव एकच लागला. माझ्या सुरीनं दोर अर्धा कापला आणि उरलेला आपला आपण तुटला. फटका माझ्या कानाजवळून गेला. तराफ्याची वरची बाजू धाडकन खाली आदळली. पाण्याची भिंत उठली आणि खोल्या दिसेनाशा झाल्या. मग पाणी खाली बसलं. तराफा सपाट होता. नांगराच्या दोराला हळूहळू गोल फिरत, बदकासारखा तरंगत होता.

आधी दत्ताचं डोकं दिसलं. मग आतून सुमनचा आवाज आला. ती मला शिव्या देत होती. त्या इथं लिहीत नाही. त्यांच्याइतकं गोड मी त्याआधी आणि नंतर काही ऐकलेलं नाही.

नगीनभाईनं होडीतून दोघांना आणलं. सुमन आपादमस्तक भिजलेली, एका हातानं पोट धरलेलं. धक्क्यावर बसल्यावर ती एकदम म्हणाली, "लाथ मारली गं." मी तिच्या पोटावर हात ठेवला. आतून दुसरी लाथ बसली, चांगली जोरात. मी तिथंच धक्क्यावर तिच्याशेजारी बसले. 

साहेब कड्या घेऊन आले तेव्हा पाणी परत चढायला लागलं होतं. मी उठून सांगितलं, "साहेब, मी आवळलं."

त्यांनी तुटलेल्या दोराचं टोक हातात घेतलं. खांबावरची गाठ बघितली, बोटानं दाबली. मग म्हणाले, "चूक माझी. ढिला ठेवा सांगितलं, कशाला ते सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तरी मी आवळलंच असतं."

 ते नगीनभाईजवळ जाऊन बसले आणि वही काढली. पाणी किती उतरतं, अमावास्येला किती, वारा असला तर किती, सगळं विचारत राहिले. हे त्यांना आकड्यांत माहीत होतं. नगीनभाई दोन्ही हात पसरून वाव मोजून सांगत होता. शेवटी साहेबांनी विचारलं, "तुमच्यासाठी असं घर बांधलं तर राहाल?"

नगीनभाई मोकळेपणानं हसला. "दरियामां कमावानुं, साहेब. सूवानुं तो घेर."

समुद्रात कमवायचं, झोपायला घरी. साहेबांनी तेही वहीत लिहिलं. मग पेनाला टोपण लावलं. त्या दिवशी त्यांनी ते पुन्हा उघडलं नाही.

सुमन तराफ्यावर परत गेली नाही. मी जा म्हटलं नाही, साहेबांनीही विचारलं नाही. महिनाभरात तराफा मोडला, पिंपं विकली गेली. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला लिहू. गाठ हात न पोचणाऱ्या बाजूला असती, सुरी घरी राहिली असती, नगीनभाई जेवायला गेला असता, यातलं एक काहीही झालं असतं तरी पुरे होतं. काहीच झालं नाही. दत्ताला सचिनला लूम मिळाली, त्यांनी वेगळी खोली केली आणि तिसऱ्या महिन्यात सुमनला मुलगी झाली. धडधाकट, पायानं मजबूत.

साहेब बारशाला आले. पाळण्याला बांधायला स्वतः वळलेली एक दोरी घेऊन आले होते. "ही कशी बांधायची ते तुम्ही सांगा," मला म्हणाले. पुढं ते पुण्याला बहिणीकडं गेले. जाताना नकाशे गुंडाळायला माझ्याकडून जाड कापडाची पिशवी शिवून घेतली. मी ती दुहेरी टाक्यानं शिवली, आत पाणी शिरणार नाही अशी. संडास बारा झाल्याचं त्यांनी दाखवलं. स्मशानाची जागा अजून कोरी होती.

मला वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. पर्वत पाटियात खाडीचं पाणी शिरतं आणि लोक गाद्या डोक्यावर घेऊन जिन्यात बसतात, तेव्हा तो माणूस अगदीच चुकला होता असं मला म्हणता येत नाही. त्यानं चांगला दोर चुकीच्या बाईच्या हातात दिला. आणि माझा प्रश्नही अर्धाच होता. खाली काय आहे, हे मी विचारलं. ते जागेवर राहतं का, हे विचारायला हवं होतं.

ती उलटी ताडपत्री सुमनच्या घरी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीला पावसाळ्यात लावतात. परवा नातीचा फोन आला, तीच, लाथ मारणारी. मागून सुमन ओरडत होती, "विचार तुझ्या आजीला, आवळू का ढिली ठेवू!"

"आजी, मम्मी विचारते..."

"ऐकलं. खाली काय आहे?"

"दुसरा मजला."

"त्याच्याखाली?"

"पहिला मजला. आजी, शुं करे छे, काय चाललंय तुझं?"

"सांग. त्याच्याखाली?"

"जमीन."

"मग आवळ."